किशोरींच्या हक्कांचं प्रशिक्षण: शिकवणी चांगली, आवतण चुकलं

पाचपैकी साडेतीन तारे. जेवणाचा अर्धा धरला तर चार झाले असते, पण जेवणावरून प्रशिक्षण मोजायची आपल्याकडची सवय मोडायची म्हणून तो धरलेला नाही.

मी धारूर तालुक्यातल्या, घाटावरच्या एका गावची पोलीस पाटील. गावात मला पाटलीणबाई म्हणतात, तहसीलमध्ये मॅडम, आणि ज्याच्या दारात चौकशीला जाते तो मनात काय म्हणतो ते लिहिण्यासारखं नाही. किशोरवयीन मुलींच्या हक्कांसाठी गावातल्या पुढाऱ्यांना बोलतं करायचं, असं हे निवासी प्रशिक्षण एका संस्थेनं अंबाजोगाईला ठेवलं होतं. संस्थेचं नाव घेत नाही, कारण खाली चार कडू गोष्टीही लिहिल्यात. ज्यांना असलं पत्र येईल त्यांनी जावं का, एवढ्यापुरतं हे वाचा.

फी नाही. राहणं-खाणं संस्थेचं. प्रवासखर्च देऊ म्हणाले होते, तो अजून आलेला नाही; तिकिटं मात्र पहिल्याच दिवशी जमा करून घेतली. सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडीताई, आशाताई, मुख्याध्यापक, पोलीस पाटील आणि बचत गटाच्या अध्यक्ष अशी भरती होती. जागा म्हणजे एक मंगल कार्यालय. स्टेजवर आदल्या दिवशीच्या लग्नाची थर्माकोलची अक्षरं तशीच होती: वर 'शुभविवाह', आणि त्याच्या खाली आमचा 'बालविवाहमुक्त गाव'चा बॅनर. एक सरपंच म्हणाले, "आधी नवरी-नवरदेवाचं वय तपासा, मग बसू." हसून हसून नोंदणीला उशीर झाला. बायकांच्या खोलीतल्या बाथरूमला कडी नव्हती. मुलींच्या सुरक्षिततेवर बोलायला बोलावताना ही एक गोष्ट तरी आधी बघायची होती.

सुरुवात आकड्यांनी झाली आणि तिथं निम्मे लोक मोबाईलमध्ये शिरले. खरं तर आकडे आमच्याच जिल्ह्याचे होते. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के, आणि परभणीत जवळपास निम्म्या. बीडही फार मागं नाही. पण पडद्यावर रंगीत खांब दाखवून हे सांगितलं की माणसाला ते दुसऱ्याच कुणाचं वाटतं. माझ्या शेजारी बसलेल्या आशाताई हळूच म्हणाल्या, "मला खांब कशाला दावता, माझ्या रजिस्टरला नावं आहेत की." ती रजिस्टरं उघडून सुरुवात केली असती तर एकही मोबाईल बाहेर आला नसता.

दुपारनंतर मात्र प्रशिक्षण रुळावर आलं. एक वकील मॅडम आल्या. त्यांनी प्रत्येक गटाला एका लिफाफ्यात एकाच मुलीची चार कागदं दिली: आधार कार्ड, शाळेचा निर्गम उतारा, ग्रामपंचायतीचा जन्मदाखला आणि रेशनकार्डाची झेरॉक्स. चारीवर वय वेगळं. आधारनुसार मुलगी एकोणीस वर्षांची, शाळेनुसार सोळा. लग्न उद्या आहे, तुम्ही काय कराल? आमच्या गटातले एक सरपंच ताबडतोब म्हणाले, "आधार सरकारचंच आहे, एकोणीस धरा, विषय संपला." घोडं इथंच पेंड खातं. मॅडमनी सांगितलं की आधार हा ओळखीचा पुरावा, वयाचा नाही. वय ठरवताना बाल न्याय कायद्यानं आधी शाळेचा किंवा दहावीचा दाखला, तो नसेल तर जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच डॉक्टरी तपासणी. आमच्याकडं लग्न ठरलं की पहिली धाव आधार सेंटरवर जन्मतारीख 'दुरुस्त' करायला असते, हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच मोठ्यानं बोलत नव्हतं. त्या लिफाफ्यानं ते बोलायला लावलं. एका मुख्याध्यापकांनी कबूल केलं की निर्गम उताऱ्यावर तारीख 'जरा मागं घ्या' म्हणून त्यांच्यावरही दबाव येतो. असा एक लिफाफा पंधरा पानांच्या भाषणापेक्षा भारी.

कायदा त्यांनी असाच हाताला लावून शिकवला. २००६ चा बालविवाह प्रतिबंध कायदा आपण सगळे 'दोन वर्षं सजा, एक लाख दंड' एवढ्यावर आटोपतो. त्यात आणखी काय काय आहे ते इथं कळलं. ग्रामसेवक हाच गावचा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी आणि अंगणवाडीताई त्याच्या मदतीला, हे ऐकून दोन ग्रामसेवकांचा चेहरा पडला. त्यांना वाटायचं ते पोलिसांचं काम. लग्न लावणारा, लावून देणारा, त्याला हजेरी लावून खतपाणी घालणारा, सगळे कायद्यात येतात. बाईला मात्र यात कैद होत नाही, दंड होऊ शकतो. म्हणून 'आईला आत टाकतील' ही भीती घालून काम काढायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. मुलीला सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून मागता येतं, हे मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे वीस वर्षांची होईपर्यंत तिच्यापुढं दार उघडं असतं. माझ्या गावात अशा किती जणी त्या वयात आहेत ते मी मनातच मोजायला लागले.

सगळ्यात कामाचा भाग मनाई हुकमाचा. लग्न होणार अशी पक्की खबर असेल तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडून ते थांबवायचा हुकूम घेता येतो, आणि तो मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल. आम्हाला तो अर्ज स्वतःच्या हातानं लिहायला लावला. सरपंचांनी पेन शोधण्यात बराच वेळ काढला, पण लिहिला. मी विचारलं, लग्नं रविवारी असतात, कोर्ट बंद असतं, तेव्हा? मॅडम प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, खबर शुक्रवारपर्यंत काढायला शिका; अक्षय्य तृतीयेसारख्या दिवशी तर कायद्यानं जिल्हाधिकारीच प्रतिबंधक अधिकारी मानला जातो, त्यांना गाठा; आणि काहीच जमलं नाही तर मुलांची हेल्पलाईन १०९८ आणि तातडीचा नंबर ११२. उत्तर पुरतं समाधानाचं नव्हतं, पण गुळमुळीतही नव्हतं.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. दुसऱ्या दिवशी नाटक होतं: हळद लागलीय, मांडव पडलाय, तुम्ही दारात उभे. बापाचं काम एका टोळीवाल्या, म्हणजे ज्या गावातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात अशा, गावच्या सरपंचांना दिलं. हे सरपंच स्वतः पूर्वी ऊस तोडायला जायचे. आम्ही चौघं दारात गेलो, मी कलम सांगायला सुरुवात केली. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"पाटलीणबाई, दसरा झाला की आमची टोळी निघती. पोरगी ठिवू कुठं? म्हातारीला दिसत न्हाई. आळीतली पोरं कशी हायत ते तुम्हाला माझ्यापेक्षा ठावं. फडावर न्यावी तर कोपीला दार नसतंय. लगीन लावलं तर जोडीचा एक कोयता हुतो, मुकादम उचल देतो, फिटंल तेवढं कर्ज फिटतंय. न्हाई लावत लगीन. तुमच्या घरी ठिवून घेता का सहा म्हैने?"

मी गप्प. आशाताई गप्प. मागं खुर्च्यांवर बसलेली मंडळी पण गप्प. कारण यात नाटक काहीच नव्हतं. ज्यांना ऊसतोडीची माहिती नाही त्यांच्यासाठी: फड म्हणजे उसाचं शेत, कोपी म्हणजे तिथली मजुरांची झोपडी, मुकादम म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार. आमच्याकडं नवरा-बायकोची जोडी हा एक कोयता धरतात, आणि हंगामाआधी मुकादम त्या जोडीला आगाऊ रक्कम देतो, ती उचल. एकट्या पोराला अर्धा कोयता. म्हणजे पोरगी उजवण्यात नुसती रूढी नसते, हिशेबही असतो.

चांगली गोष्ट ही की प्रशिक्षकांनी तिथं प्रवचन झोडलं नाही. त्यांनी नाटक थांबवलं आणि सांगितलं, या बापाला आज, या आठवड्यात, तुमचं गाव काय देऊ शकतं ते लिहा. योजनेचं नाव नको. कोण, कुठं, कधीपासून ते लिहा. मग खरी अब्रू गेली. एका सरपंचांनी लिहिलं 'लेक लाडकी योजना, एक लाख एक हजार'. मॅडमनी विचारलं, ती कुणासाठी? १ एप्रिल २०२३ पासून पुढं जन्मलेल्या, पिवळ्या-केशरी कार्डवाल्या घरच्या मुलींसाठी. या बापाची पोरगी पंधरा वर्षांची आहे. तिला त्यातला एक रुपया नाही. दुसऱ्यांनी लिहिलं 'वसतिगृह'. कुठलं? शाळेतलं हंगामी वसतिगृह असतं, पण मागच्या वर्षी तुमच्या गावात ते कधी सुरू झालं, टोळ्या गेल्यावर ना? संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारनं २०२१ मध्ये वसतिगृहांची योजना आणली, तिथं तालुक्यात जागा आहे का हे कुणी फोन करून विचारलंय? कुणीच नाही. एका अंगणवाडीताईंनी मात्र लिहिलं होतं की त्या मुलीच्या मामीचं घर शाळेजवळ आहे, बचत गटातून धान्य देऊ, आणि मी आठवड्यातून दोनदा जाऊन बघीन. साधं उत्तर, पण त्या खोलीतलं ते एकच असं होतं ज्यात कोण, कुठं आणि कधी तिन्ही होतं. बाप झालेले सरपंच म्हणाले, "हे असलं तर मी थांबतो."

वडील वारलेल्या किंवा एकट्या आईच्या मुलींसाठी बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, ही माहिती त्याच चर्चेत निघाली. आमच्या गावात अशा मुली आहेत. एवढ्या एका माहितीसाठीही मी परत गेले असते.

दुसरा धडा फोटोचा. आमच्या भागात बालविवाह रोखला की आधी ग्रुपवर फोटो पडतो: मध्ये मुलगी, तिच्या दोन्ही बाजूंना सत्कार झाल्यासारखे हसणारे आम्ही, खाली गावाचं नाव. प्रशिक्षकांनी असे फोटो, चेहरे झाकून, पडद्यावर दाखवले आणि विचारलं, सोमवारी ही मुलगी शाळेत कशी जाईल? लग्नाच्या तोंडावर असलेली अल्पवयीन मुलगी ही कायद्यानं काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक, तिची ओळख उघड करता येत नाही. सभागृहात तीन-चार जणांनी तिथल्या तिथं फोन काढून जुन्या पोस्ट उडवल्या. मी बघितलंय ते.

मुलींचं सत्र मला सगळ्यात आवडलं आणि ते सगळ्यात तोकडं ठेवलं होतं. आसपासच्या शाळांतल्या आठवी ते दहावीच्या मुली आल्या होत्या. आम्ही मोठी माणसं लग्न-लग्न करत बसलेलो, आणि या पोरींनी पहिली मागणी केली एसटीची. सकाळची बस भरलेली येते, थांबत नाही. मानव विकास योजनेची निळी बस मुलींना फुकट आहे, पण ती पाच वाजता निघून जाते आणि जादा तास सहाला सुटतो. दुसरी मागणी, ओढ्याकडच्या रस्त्याला लाईट. तिसरी, कबड्डीचं मैदान, कारण होतं ते पोरांनी क्रिकेटला घेतलंय. एक मुलगी म्हणाली, "आमच्यासाठी बोलायला तुम्हाला शिकवायलेत, पण आम्हाला कुणी इचारलंच न्हाई." तिला टाळ्या मिळाल्या आणि सत्र संपवून टाकलं, कारण आमदारसाहेबांचे स्वीय सहाय्यक समारोपाला येणार होते. ते आलेच नाहीत.

ग्रामपंचायतीच्या पैशाचा हिशेब ही आणखी एक भारी गोष्ट. स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला-बालकल्याणावर खर्च करायचे असतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या गावात ते कशावर गेले हे कुणाला सांगता येईना. एका ग्रामसेवकांच्या यादीत 'महिला बालकल्याण' खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या निघाल्या. त्या खुर्च्यांवर बसतं कोण, असं एका बचत गटाच्या ताईंनी विचारलं. उत्तर आलं नाही. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते आणि तिथं झालेला ठराव मांडता येतो, तो कसा लिहायचा, मागणी कुणाकडं, प्रत कुणाला, हे सगळं त्यांनी नमुन्यासकट दिलं. तो नमुना मी आल्याआल्या वापरला. लाईटचा ठराव झाला. लाईट अजून लागलेली नाही, पण खांबाला नंबर पडलाय.

हातात दिलेली पुस्तिका मात्र वाचवत नाही. 'भागधारकांचे क्षमतावर्धन' आणि 'परिवर्तनाचे वाहक' असल्या शब्दांनी ती भरलीय. आमच्या सरपंचबाईंनी पहिलं पान वाचून मला विचारलं, "हे आपल्याबद्दलच हाय का?" त्यापेक्षा खिशात मावणारं कार्ड चांगलं: एका बाजूला १०९८, ११२, १८१ आणि बाल कल्याण समितीचा नंबर, दुसऱ्या बाजूला कुठला कागद आधी बघायचा त्याचा क्रम. ते मी ओळखपत्राच्या मागं घालून ठेवलंय.

हमीपत्राबद्दलही त्यांनी कमी सांगितलं. आपल्याकडं लग्न थांबवलं, आईबापाची 'अठरा होईपर्यंत लावणार नाही' अशी सही घेतली, की सगळे घरी. मग पंधरवड्यानं तेच लग्न दुसऱ्या तालुक्यात, शेतात, रात्री, पत्रिका न छापता होतं. मुलीला बाल कल्याण समितीपुढं उभं करणं, नंतर महिनोन्महिने तिच्या घरी जात राहणं, शाळेत हजेरी बघणं, हा भाग अर्ध्या तासात उरकला. सहीनंतरचे सहा महिने कसे सांभाळायचे, हाच खरा विषय आहे, आणि त्यावर एक अख्खा दिवस हवा.

आणि मुख्य तक्रार, जी मी अभिप्रायाच्या कागदावरही लिहिली. आवतण चुकीच्या माणसांना गेलं. आम्ही यायला हवं होतं, ते ठीक. पण लग्नाची तारीख मला सगळ्यात शेवटी कळते. आधी कळते मांडववाल्याला, आचाऱ्याला, बँडवाल्याला, भटजीला किंवा ज्या काझींकडं निकाह पढायचा त्यांना, आणि या सगळ्यांच्याही आधी मुकादमाला, कारण उचल कुणाच्या जोडीला द्यायची हे तो ठरवतो. लग्न लावून देणारा कायद्यानं गुन्हेगार होतो हे मांडववाल्याला कुणी शांतपणे, चहा पाजून सांगितलं तर तो स्वतःच फोन करेल. यातलं एकही माणूस खोलीत नव्हतं. शिवाय सरपंचबाईंच्या नावाच्या खुर्चीवर निम्म्या ठिकाणी त्यांचे मालक बसले होते. संस्थेच्या पोरींनी हजेरीपत्रकावर नाव कुणाचं आणि सही कुणाची ते बघूनही सोडून दिलं. एका सरपंचबाईंचे मालक तर 'महिला नेतृत्व' गटाचे गटप्रमुख झाले आणि सादरीकरणही त्यांनीच केलं. छान केलं, तो भाग वेगळा. आमच्या गावच्या सरपंचबाई स्वतः आल्या होत्या, म्हणून मला ते जास्त टोचलं.

प्रशिक्षकांबद्दल एक आणखी. त्यातले एक सर पुण्याहून आले होते, अभ्यास दांडगा, पण दर वाक्यात 'ग्रामीण मानसिकता' काढायचे. चौथ्यांदा काढल्यावर गेवराईकडच्या एका आशाताई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "सर, मानसिकता आमची ग्रामीण, पण साखर तुम्ही बी खाताच की." त्यानंतर तो शब्द आला नाही. बाकी जालन्याहून आलेले दोघं तरुण, एक मुलगा आणि एक मुलगी, यांनी खोली बांधून ठेवली. बोली आपली, उदाहरणं आपली, आणि माहीत नसेल ते 'विचारून सांगतो' म्हणायची लाज नाही.

जेवण: वरण, भात, भाकरी, शेपूची भाजी, शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्या दिवशी पुरी-श्रीखंड. बोट ठेवायला जागा नाही.

कुणी जावं? ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांनी तर जावंच. कागद त्यांच्या हातात असतात. अंगणवाडीताई आणि आशाताईंना यातलं निम्मं आधीच माहीत असतं, पण वरच्यांसमोर ते बोलायचं बळ इथं मिळतं, म्हणून जावं. सरपंचबाई असाल तर स्वतः जा, आणि मालकांना सांगा की जेवण तिथं फक्त एकाचंच आहे. पोलीस पाटलांनी गेलं तर मनाई हुकमाच्या अर्जाचा नमुना मागून घ्या, सगळ्यांना दिलेला नाही.

नंतरची साथ म्हणाल तर एक व्हाट्सअॅप ग्रुप आहे. त्यावर सकाळी फुलं येतात आणि सणाला शुभेच्छा. त्यातही वडवणीकडच्या एका ग्रामसेवकांनी हंगामी वसतिगृहाच्या मागणीचं पत्र टाकलं, ते मी आमच्या शाळेसाठी जसंच्या तसं वापरलं. संस्थेकडून भेटीला कुणी आलेलं नाही.

पुढची बॅच ते दिवाळीनंतर घ्यायचं म्हणतायत. तेव्हा आमच्याकडं निम्म्या घरांना कुलूप असतं आणि ठरलेली लग्नं उरकून टोळ्या गेलेल्या असतात. भाद्रपदात घ्या, पोळा झाला की लगेच, आणि मुकादमांना बोलवा, असं मी फोन करून सांगितलंय. "कळवतो" म्हणाले.